रेशीम कोषापासून फिल्म, अल्जिनेटपासून धागा: छोट्या प्रयोगशाळेसाठी सविस्तर कृती

शस्त्रक्रियेत रेशमी धाग्याचे टाके शंभराहून अधिक वर्षे घातले जात आहेत. त्यामुळे रेशीम शरीराला चालते, असे आपण गृहीत धरतो. पण कोषातले सगळेच शरीराला चालत नाही. कोषाचा गाभा म्हणजे फायब्रॉइन हे प्रथिन, आणि त्याला चिकटवून ठेवणारा डिंक म्हणजे सेरिसिन. हा डिंक फायब्रॉइनवर राहिला तर शरीरात दाह होऊ शकतो, म्हणून टाक्यांसाठीचे रेशीम आधी डिंकमुक्त करतात. प्रयोगशाळेत फिल्म किंवा धागा बनवताना आपण त्यात आणखी भर घालतो: विरघळवायला क्षार, घट्ट करायला अल्कोहोल, कायटोसानसाठी (कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या पदार्थासाठी) आम्ल. वस्तू तयार होईपर्यंत यातला प्रत्येक पदार्थ बाहेर जायला हवा. माझ्या मते या कामाचा निम्मा वेळ धुण्यात जायला हवा आणि प्रयोगवहीतली निम्मी पाने धुण्याच्या नोंदींची असायला हवीत.

ही कृती जीवतंत्रज्ञान, रसायनशास्त्र किंवा पॉलिमरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. हॉट प्लेट, तराजू, सेंट्रिफ्यूज, फ्रीज आणि भरपूर डिस्टिल्ड वॉटर एवढे असले की काम सुरू करता येते.

कोष कोणते घ्यायचे

तुतीवर वाढलेल्या अळीचे, म्हणजे बॉम्बिक्स मोरीचे कोष घ्या. मराठवाड्यात तुती रेशीम आता चांगले रुजले आहे आणि जालन्याच्या बाजारात कोषांचा लिलाव होतो. धागा काढायला निरुपयोगी ठरलेले दुहेरी किंवा वेडेवाकडे कोष शेतकऱ्याकडून स्वस्तात मिळतात आणि आपल्याला ते पुरतात, कारण आपण धागा उलगडणार नसून प्रथिन विरघळवणार आहोत. मात्र डाग पडलेले कोष टाळा. आत अळी मरून सडली असेल तर तिची चरबी आणि रंग तंतूंत मुरतो आणि पुढे कितीही धुतले तरी द्रावण गढूळ राहते.

गडचिरोली, भंडारा भागातले विद्यार्थी टसरबद्दल हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. टसरच्या फायब्रॉइनमध्ये पेशींना चिकटायला मदत करणारा आरजीडी हा अमिनो आम्लांचा क्रम असतो. तुतीच्या रेशमात तो नसतो. पण टसरचे कोष खाली दिलेल्या द्रावणांत नीट विरघळत नाहीत. म्हणून संशोधक बहुधा पक्व अळीच्या रेशीमग्रंथीतूनच ते प्रथिन काढतात. पहिल्या प्रयोगासाठी तुतीच बरी.

कोष कात्रीने उघडा, आतला कोशित आणि त्याची सुकी कात काढून टाका, आणि कवचाचे एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. ५ ग्रॅम तुकडे घ्या. कोषाच्या जातीप्रमाणे त्याला साधारण पंधरा-वीस कोष लागतात.

डिंक उतरवणे

दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर उकळत ठेवा. त्यात ४.२४ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट (धुण्याचा सोडा) थोडे थोडे करून घाला. एकदम टाकले तर पाणी उसळते. हे ०.०२ मोलर द्रावण झाले. बाटलीवर 'डेकाहायड्रेट' लिहिले असेल तर तोच हिशेब ११.४४ ग्रॅमचा होतो. हा फरक न पाहिल्यामुळे डिंक अर्धवट उतरलेला मी अनेक प्रकल्पांत पाहिला आहे.

कोषाचे तुकडे घालून ३० मिनिटे उकळा आणि काचकांडीने अधूनमधून हलवत राहा. वेळ घड्याळ लावूनच मोजा. सोड्यात उकळताना डिंकाबरोबर फायब्रॉइनच्या लांब साखळ्याही तुटत जातात. तासभर उकळलेल्या रेशमाची फिल्म ठिसूळ होते. दहाच मिनिटे उकळले तर साखळ्या लांब राहतात, पण डिंक शिल्लक राहण्याचा धोका असतो. फिल्मसाठी ३० मिनिटे हा चांगला मध्य आहे.

तंतू बाहेर काढा, पिळा, आणि एक लिटर स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरमध्ये २० मिनिटे हलवत ठेवा. असे तीनदा करा. शेवटच्या पाण्याचा सामू मूळ डिस्टिल्ड वॉटरइतका आला पाहिजे. इथे सोडा राहिला तर पुढच्या पायरीत कॅल्शियमशी मिळून कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ होईल. मग तंतू मोकळे करून स्वच्छ ताटलीत रात्रभर वाळवा आणि वजन करा. वजन २५ ते ३० टक्क्यांनी घटलेले दिसले पाहिजे. ५ ग्रॅमचे साधारण ३.५ ते ३.७५ ग्रॅम उरतात. घट २० टक्क्यांच्या आत असेल तर डिंक राहिला आहे. ते तंतू पुढे नेऊ नका, ताज्या सोड्यात पुन्हा थोडा वेळ उकळा.

विरघळवणे

शोधनिबंधांत बहुतेक ठिकाणी ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइड सापडेल: १०० मिलीला ८०.८ ग्रॅम, ६० अंश सेल्सिअसला चार तास, एक ग्रॅम तंतूला चार मिली. पद्धत उत्तम आहे, पण रसायन महाग. कॉलेजसाठी कॅल्शियम क्लोराइड, इथेनॉल आणि पाण्याचे १:२:८ या मोल प्रमाणातले मिश्रण मला जास्त सोयीचे वाटते. सुमारे १०० मिली द्रावकासाठी:

निर्जल कॅल्शियम क्लोराइड ३७ ग्रॅम, ॲब्सोल्यूट इथेनॉल ३९ मिली, पाणी ४८ मिली.

बाटलीत डायहायड्रेट असेल तर ते ४९ ग्रॅम घ्या आणि पाणी ३६ मिली, कारण उरलेले १२ मिली पाणी क्षाराबरोबरच येते. निर्जल क्षार पाण्यात पडताच खूप तापतो. म्हणून आधी तो बर्फात ठेवलेल्या पाण्यात हळूहळू विरघळवा, गार होऊ द्या, आणि मगच इथेनॉल मिसळा. डिनेचर्ड स्पिरिट वापरू नका. त्यात मिथेनॉल असू शकते.

कोरडे तंतू ३.५ ग्रॅम आणि द्रावक ५० मिली झाकणाच्या फ्लास्कमध्ये घ्या आणि ७० अंशांच्या वॉटर बाथमध्ये तीन-चार तास ठेवा. इथेनॉल पेट घेते, म्हणून बर्नर नको. इलेक्ट्रिक बाथच वापरा. फ्लास्कला रिफ्लक्स कंडेन्सर लावता आला तर प्रमाण बिघडत नाही. शेवटी फिकट पिवळसर, पारदर्शक आणि दाट द्रावण मिळते. त्यात तंतू तरंगताना दिसले तर आणखी तासभर द्या, पण तापमान वाढवू नका.

डायलिसिस

डायलिसिस म्हणजे द्रावण सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या ट्यूबमध्ये भरून पाण्यात ठेवणे: क्षार बाहेर जातो, मोठे प्रथिन आत राहते. इथे घाई करणाऱ्याची फिल्म दिसायला सुंदर होते आणि पेशींवर ठेवली की पेशी मरतात. तुमच्या ५० मिली द्रावणात १८ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम क्लोराइड आहे, आणि रेशीम फक्त साडेतीन ग्रॅम. म्हणजे जे बाहेर काढायचे ते ठेवायच्या मालाच्या पाचपट आहे.

डायलिसिसची ट्यूब ३.५ किलोडाल्टनची (साधारण त्याहून मोठे रेणू अडवणारी) मिळाली तर उत्तम. भारतात सहज मिळणारी १२ ते १४ किलोडाल्टनचीही चालते. थोडे छोटे तुकडे बाहेर निसटतात, एवढेच. ट्यूब आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळून घ्या. एक टोक बांधा, द्रावण ओता आणि ट्यूब जेमतेम निम्मी भरली की हवा काढून दुसरे टोक बांधा. आत क्षार इतका आहे की पाणी वेगाने आत शिरते. काठोकाठ भरलेली ट्यूब काही तासांत ताणून फुटते.

दोन लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ट्यूब सोडा आणि चुंबकीय ढवळणी सावकाश चालू ठेवा. पाणी बदलायच्या वेळा अशा: पहिला बदल एका तासाने, दुसरा चार तासांनी, तिसरा रात्री, मग दुसऱ्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी, आणि सहावा तिसऱ्या दिवशी सकाळी. हे झाले ४८ तास. पण घड्याळापेक्षा चाचणीवर विश्वास ठेवा. शेवटच्या बदलानंतर तीन तासांनी बाहेरचे पाणी तपासा:

साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे उपकरण) लावा. वाचन ताज्या डिस्टिल्ड वॉटरइतकेच यायला हवे.

पाच मिली पाण्यात अमोनियम ऑक्झॅलेटचे काही थेंब टाका. पांढरी धूसरता आली तर कॅल्शियम अजून बाहेर पडत आहे.

दुसऱ्या पाच मिलीत पातळ नायट्रिक आम्लाचा थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट टाका. पांढरा साका म्हणजे क्लोराइड. लिथियम ब्रोमाइड वापरले असेल तर साका फिकट पिवळा दिसेल.

तिन्ही चाचण्या स्वच्छ येईपर्यंत पाणी बदलत राहा. डिस्टिल्ड वॉटर वाचवण्यासाठी सुरुवातीच्या दोन बदलांना नळाचे पाणी वापरायचा मोह होतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधीच भरपूर असते, तेव्हा तो टाळलेला बरा.

ट्यूब दाबू नका, हलवू नका. फायब्रॉइन घुसळले गेले की साखळ्या एकमेकींना धरून बसतात आणि ट्यूबमध्येच जेल होते. एकदा जेल झाले की परतीचा रस्ता नाही.

द्रावण काढून ४ अंशांवर सुमारे १०,००० जी बलाने २० मिनिटे सेंट्रिफ्यूज करा, वरचे द्रावण अलगद घ्या, आणि हेच पुन्हा एकदा करा. मग एक मिली द्रावण आधी वजन केलेल्या छोट्या डिशमध्ये ६० अंशांवर पूर्ण वाळवा. उरलेले मिलिग्रॅम दहाने भागले की टक्केवारी मिळते: ४२ मिलिग्रॅम म्हणजे ४.२ टक्के. या कृतीत ३ ते ५ टक्के मिळणे स्वाभाविक आहे. द्रावण फ्रीजमध्ये ठेवा, गोठवू नका, आणि शक्यतो दोन आठवड्यांत वापरा.

फिल्म ओतणे

किती ओतायचे हे अंदाजाने ठरवू नका. ९ सेंटिमीटर व्यासाच्या पेट्री डिशचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर. ५० मायक्रॉन जाडीची फिल्म हवी असेल तर कोरडे घनफळ ०.३२ घन सेंटिमीटर होते. फायब्रॉइनची घनता सुमारे १.३५ धरली तर ०.४३ ग्रॅम प्रथिन लागेल. ४ टक्के द्रावण असेल तर सुमारे ११ मिली ओता, ५ टक्के असेल तर साडेआठ मिली.

डिश पॉलिस्टायरीनची किंवा सिलिकोनची घ्या. काचेला फिल्म अशी चिकटते की काढताना फाटते. डिश पाणसळ लावून सपाट ठेवा. नाहीतर एका कडेला फिल्म दुप्पट जाड होईल. फुगे पिपेटच्या टोकाने बाजूला करा. वर भोके पाडलेले झाकण ठेवून धूळ लागणार नाही अशा जागी दीड-दोन दिवस वाळू द्या. उन्हाळ्यात लातूर-बीडच्या कोरड्या हवेत कडा आधी वाळतात आणि फिल्म वळते, तेव्हा झाकणाची भोके कमी करा. कोकणात पावसाळ्यात उलट त्रास: द्रावण ओले राहते आणि त्यावर बुरशी चढते. तिथे सिलिका जेल ठेवलेल्या पेटीत वाळवणे योग्य.

वाळलेली फिल्म काचेसारखी पारदर्शक दिसेल, पण पाण्यात टाकली तर विरघळेल. कारण आत साखळ्या अजून विस्कळीत आहेत. त्यांची बीटा शीट नावाची घट्ट रचना झाली की फिल्म पाण्यात टिकते. त्यासाठी दोन मार्ग आहेत.

पहिला पाण्याच्या वाफेचा. डेसिकेटरच्या तळात शुष्ककाऐवजी पाणी ठेवा, जाळीवर फिल्म ठेवा, व्हॅक्यूम लावून २४ तास सोडा. फिल्म लवचिक राहते आणि कोणतेही नवीन रसायन आत जात नाही. मी हाच मार्ग आधी सुचवेन.

दुसरा मार्ग ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये तासभर बुडवण्याचा. काम झटपट होते, पण फिल्म थोडी कडक होते. नंतर ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीनदा धुवा. शोधनिबंधांत इथे मिथेनॉल दिसते. ते विषारी आहे आणि इथेनॉलने काम होत असताना ते वापरायचे कारण मला दिसत नाही.

फिल्म वाकवता यायला हवी असेल तर ओतण्याआधी द्रावणात ग्लिसरॉल मिसळा, प्रथिनाच्या कोरड्या वजनाच्या ३० टक्के. एवढ्या ग्लिसरॉलने फिल्म वाळतानाच रचना बदलते आणि ती पाण्यात बरीच टिकते. ग्लिसरॉल मात्र पाण्यात गेल्यावर हळूहळू बाहेर पडते.

टिकाऊपणाची परीक्षा सोपी आहे. तुकडा वाळवून वजन करा, ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवा, पुन्हा वाळवून वजन करा. घट ५ टक्क्यांहून जास्त असेल तर वाफेची पायरी पुन्हा द्या. कॉलेजात एफटीआयआर (अवरक्त वर्णपटमापक) असेल तर प्रथिनाची रचना दाखवणारा अमाइड-१ पट्टा १६४० ते १६५० वरून १६२० ते १६३० प्रति सेंटिमीटरकडे सरकलेला दिसतो.

धागा: अल्जिनेटपासून सुरुवात करा

विरघळवलेल्या रेशमाचा पुन्हा धागा काढायची इच्छा सगळ्यांनाच होते. अळी तेच काम २५ ते ३० टक्के दाट द्रवापासून, आम्लता आणि आयनांचे प्रमाण ग्रंथीच्या भागाभागात बदलत, मान हलवून धागा ओढत करते. आपले ४ टक्क्यांचे द्रावण सुईतून अल्कोहोलमध्ये सोडले तर ठिसूळ तुकडे मिळतात. पीईजीच्या (पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या) १० टक्के द्रावणात डायलिसिस ट्यूब ठेवून ते दाट करता येते, पण तो वेगळा, लांबचा प्रकल्प आहे. हाताला सवय व्हायला समुद्री शेवाळातून मिळणारे सोडियम अल्जिनेट हवे. कॅल्शियम अल्जिनेटची ड्रेसिंग रुग्णालयांत नेहमी वापरली जातात: जखमेतल्या द्रवातला सोडियम आत जातो, कॅल्शियम बाहेर येतो आणि धाग्याचे मऊ जेल होते.

१०० मिली डिस्टिल्ड वॉटर जोरात ढवळत ठेवा आणि ३ ग्रॅम सोडियम अल्जिनेट चिमटीने भुरभुरवा. एकदम टाकले तर वरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात. नळाचे जड पाणी इथेही घातक, कारण त्यातल्या कॅल्शियमने द्रावण आधीच चिकट गाठींचे होते. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले की फुगे निघून जातात.

पसरट ट्रेमध्ये २ टक्के कॅल्शियम क्लोराइड घ्या. १० मिलीच्या सिरिंजला २४ गेजची बोथट सुई लावा. तिचे आतले छिद्र सुमारे ०.३ मिलिमीटर असते. सुईतून धार सुरू करा आणि मगच टोक पाण्याखाली न्या. उलट केले तर टोकाशी जेल होऊन सुई बुजते. सिरिंज पंप असेल तर मिनिटाला अर्धा मिली हा वेग ठेवून सुरुवात करा. हाताने ढकलत असाल तर दुसऱ्या माणसाने चिमट्याने धाग्याचे टोक धरून काचकांडीवर गुंडाळावे, आणि ओढण्याचा वेग धारेपेक्षा किंचित जास्त ठेवावा. त्या ताणाने साखळ्या एका दिशेला लागतात आणि धागा बारीक व बळकट होतो.

धागा दहा मिनिटे कॅल्शियममध्ये राहू द्या, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये पाच-पाच मिनिटे तीनदा धुवा आणि ऑक्झॅलेटची चाचणी करा. ही चाचणी पूर्ण कोरी येणार नाही, कारण धाग्यात कॅल्शियम बांधलेलेच आहे. दोन धुण्यांतला फरक संपला की थांबा. सरळ हवेत वाळवला तर धागा धाग्याला चिकटतो. म्हणून ५०, ७०, ९५ टक्के आणि शेवटी ॲब्सोल्यूट इथेनॉलमध्ये दहा-दहा मिनिटे ठेवा आणि दोन्ही टोके बांधून ताणलेल्या स्थितीत वाळवा.

कायटोसानची फिल्म, थोडक्यात

कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान स्वतः बनवू नका. त्यातली शेवटची पायरी ४० ते ५० टक्के कॉस्टिक सोडा तापवण्याची असते. डीअॅसिटिलेशन ८५ टक्के किंवा जास्त लिहिलेली भुकटी विकत घ्या. १ टक्का अॅसेटिक आम्लाच्या १०० मिलीत २ ग्रॅम रात्रभर ढवळून विरघळवा, मलमलीतून गाळा, ९ सेंटिमीटरच्या डिशमध्ये २० मिली ओता आणि ४० अंशांवर वाळवा. ही फिल्म अजून आम्लधारी आहे, पाण्यात फुगते आणि पेशींना बाधते. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये अर्धा तास ठेवून मग धुण्याच्या पाण्याचा सामू उदासीन येईपर्यंत धुवा. कवचधारी जलचरांची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने भुकटी हाताळताना मास्क आणि हातमोजे वापरावेत.

कोणत्याही फिल्मला ग्लुटरअल्डिहाइडने घट्ट करायचा सल्ला मिळाला तर सावध राहा. त्याचा उरलेला अंश पेशींना मारतो आणि तो पूर्ण धुऊन काढणे छोट्या प्रयोगशाळेत फार अवघड आहे.

निर्जंतुक करणे आणि पेशींवर तपासणे

रेशमाची वाफ दिलेली फिल्म १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये टिकते. अल्जिनेट आणि कायटोसान तिथे तुटतात. ते ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवून निर्जंतुक बफरने धुवा. हे प्रयोगशाळेतल्या पेशींच्या चाचणीपुरते ठीक आहे.

चाचणीसाठी आयएसओ १०९९३ या वैद्यकीय उपकरणांच्या जैविक तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेचा पाचवा आणि बारावा भाग पाहा. पातळ फिल्मच्या प्रत्येक ६ चौरस सेंटिमीटरला (दोन्ही बाजू धरून) एक मिली कल्चर माध्यम घाला, ३७ अंशांवर २४ तास ठेवा, आणि तो अर्क एल९२९ या उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींवर २४ तास द्या. या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून संस्थेच्या नावे मागवता येतात. एमटीटी चाचणीत (जिवंत पेशींमुळे रंग बदलणाऱ्या रसायनाची चाचणी) जिवंतपणा कोऱ्या माध्यमाच्या ७० टक्क्यांखाली गेला तर पदार्थ पेशीघातक ठरतो.

निकाल कितीही चांगला आला तरी ही फिल्म स्वतःच्या किंवा कोणाच्या जखमेवर लावायची नाही. त्यासाठी भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात आणि त्यापूर्वी कितीतरी चाचण्या असतात.

निकाल वाईट आला तर फिल्म फेकण्याआधी तोच अर्क मोजा. सामू खाली असेल तर आम्ल राहिले आहे, वर असेल तर सोडा किंवा हायड्रॉक्साइड. टीडीएस किंवा विद्युतवाहकता कोऱ्या माध्यमापेक्षा वाढली असेल तर क्षार राहिले आहेत आणि चूक डायलिसिसमध्ये आहे. दोन्ही ठीक असतील तर इथेनॉलवर संशय घ्या: फिल्म दोन दिवस डिस्टिल्ड वॉटरमध्ये, पाणी बदलत ठेवा, आणि त्याच फिल्मचा नवा अर्क घेऊन चाचणी पुन्हा लावा.